आठ छोट्या डेस्कटॉपवर नऊ महिने: स्टिकर काय म्हणतो, वॅटमीटर काय दाखवतो

कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका कर सल्लागारांचं ऑफिस मी सांभाळते. आठ टेबलं, आठ मशिन. गेल्या नोव्हेंबरात जुने असेंबल केलेले टॉवर काढून आम्ही वहीएवढे छोटे डेस्कटॉप घेतले. मार्च एंड त्यांच्यावर झाला, ३१ जुलैच्या रिटर्नची धांदलही झाली. आता लिहायला हरकत नाही.

घ्यायच्या आधी मी प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला आणि आठवडाभर जुन्या मशिनचं मोजमाप घेतलं. कोणी हात लावत नसताना टॉवर ५८ वॅट खायचा, मॉनिटर २८. संध्याकाळी शट डाऊन करून, दिवे घालवून ऑफिसचे शिपाई मामा कुलूप लावायचे, तरी मीटरवर ३ वॅट दिसतच. दिवसाला ९ तास आणि महिन्याला २५ दिवस धरले तर एका मशिनला १९ युनिटच्या वर, आठांना मिळून १५५. नवा डबा नुसता चालू असताना ११-१२ वॅटवर असतो, मोठी एक्सेल उघडली की ३० पर्यंत जातो, बंद केल्यावर अर्ध्या वॅटच्या आत. नवा मॉनिटर १६. त्याच हिशेबाने आठांचे ५० युनिट.

दुकानदाराने आधी ‘फाइव्ह स्टार आहे मॅडम’ म्हणून सांगितलं होतं. फ्रिज-एसीवर दिसतात ते तारे आपल्याकडच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचे, बीईईचे. त्यांची लॅपटॉपसाठी योजना आहे, तीही ऐच्छिक. आमच्या खोक्यावर तसा एकही तारा नव्हता. होता तो एनर्जी स्टारचा निळा चौकोन. हा अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९२ मध्ये सुरू केला आणि सुरुवातच कॉम्प्युटर-मॉनिटरपासून केली. यात एकापासून पाचपर्यंत मोजायचं काही नसतं. मशिन मर्यादेत बसलं तर चिन्ह मिळतं, नाहीतर नाही.

ही मर्यादा कशी काढतात ते मी शोधून वाचलं, आणि तिथेच मला आमच्या ऑफिसचं दुखणं सापडलं. ऑफिसच्या डेस्कटॉपसाठी ते जोरात चाललेल्या कामाचे वॅट धरतच नाहीत. बंद असताना किती, स्लीपमध्ये (उघडलेलं काम तसंच ठेवून मशिन झोपतं तेव्हा) किती, थोडा वेळ रिकामं असताना किती, बराच वेळ रिकामं असताना किती, असे चार आकडे घेतात. वर्षाचे ८७६० तास त्या चार अवस्थांत ठरलेल्या प्रमाणात वाटतात आणि वर्षाचे युनिट काढतात. हे बरोबरच आहे. आमच्याकडे माणूस फोनवर असतो, पक्षकाराची बिलं लावत असतो, चहाला खाली गेलेला असतो. मशिन बिचारं वाट बघत असतं. शिवाय नियम असा की मशिन कंपनीतून निघतानाच १५ मिनिटांनी स्क्रीन आणि ३० मिनिटांनी मशिन आपोआप स्लीपला जाईल असं लावून यायला हवं.

आमची आली तशीच असणार. पण बसवायला आलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी आठही मशिनवरचं ते काढून टाकलं. मला म्हणाला, ‘स्लीप काढलंय सगळ्याचं, नाहीतर मशिन बंद पडलं म्हणून सारखा फोन येतोय बघा.’ तेव्हा मी मान डोलावली. डिसेंबरात एका टेबलावर पूर्ण दिवस-रात्र मीटर लावून ठेवला तर आकडा माझ्या हिशेबाच्या दुप्पट आला. पोरं घाईत घरी जाताना नुसती स्क्रीन बंद करत होती आणि डबा रात्रभर जागा. जुन्या टॉवरचा आवाज यायचा म्हणून मामा ओरडून परत बोलवायचे. हा आवाजच करत नाही, मग कळणार कसं?

मग मी स्लीप परत चालू केलं. पहिल्या दिवशी दोन अडचणी आल्या. हिशेबाचा डेटा ज्या मशिनवर आहे तेच दुपारी जेवणाच्या वेळी स्लीपला गेलं आणि बाकी सातांवरचं काम अडकलं. ते एक मशिन आता सकाळी १० ते संध्याकाळी ७ जागं ठेवतो, बाकी सात झोपतात. दुसरी अडचण डिजिटल सहीच्या टोकनची, म्हणजे यूएसबीत लावायच्या त्या पेनड्राइव्हसारख्या काडीची. मशिन जागं झालं की टोकन दिसायचंच नाही, काढून परत लावावं लागायचं. यूएसबीचा पुरवठा बंद करणारी सेटिंग काढल्यावर ते थांबलं. दोन्हीला मिळून अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासासाठी सगळ्यांचंच स्लीप काढून टाकतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बिलाखेरीज दोन फायदे मिळाले. जुनाच ६०० व्हीएचा यूपीएस आधी जेमतेम ७-८ मिनिटं टिकायचा, आता अर्ध्या तासाच्या आसपास टिकतो. जुलैत पावसात लाइट येत-जात होती, तेव्हा भरत आणलेलं एकही रिटर्न वाया गेलं नाही. आणि खोली. आठ मशिन मिळून साडेचारशे वॅटच्या वर उष्णता कमी झाली. एप्रिलमध्ये एसी साडेअकराला लावायचा तो दीडला लावायला लागलो.

तक्रारीही आहेत. एका डब्याचा ॲडॉप्टर सातव्या आठवड्यात गेला आणि विक्रेत्याने बदलून द्यायला बारा दिवस लावले. टॉवरमधला साधा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) असता तर त्याच संध्याकाळी कुठूनही आणून बसवला असता. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं जुनं पोर्ट या डब्यांना नाही, वेगळी केबल घ्यावी लागली. पुढे ग्राफिक्स कार्ड घालायचं म्हटलं तर जागाच नाही.

ज्यांना टॉवरच घ्यायचा आहे त्यांना एक सांगते. एसएमपीएसवरचा ‘८० प्लस’ म्हणजे क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के लोडवर निदान ८० टक्के वीज कामाला लागते. आमचे जुने एसएमपीएस ४५० वॅटचे होते आणि लोड ५०-६० वॅट, म्हणजे चौदा टक्क्यांच्या आतच. इतक्या कमी लोडबद्दल ते साधं प्रमाणपत्र बोलतच नाही. ऑफिसच्या टॉवरला मोठ्या वॅटचा एसएमपीएस ‘असू दे’ म्हणून घेऊ नका. दुकानात स्लीपचे आणि बंद असतानाचे वॅट विचारा. युरोपात २०१४ पासून डेस्कटॉपला स्लीपमध्ये ५ आणि बंद असताना १ वॅटची मर्यादा आहे, कॅलिफोर्नियाने २०१९ पासून वर्षाच्या युनिटवरच बंधन घातलंय. त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात हे आकडे असतातच, दुकानदाराला माहीत नसले तरी.

वॅटमीटर सोमवारपासून उद्यमनगरातल्या आमच्या एका फौंड्रीवाल्या पक्षकाराकडे आहे. त्यांच्या डिझाइनच्या मशिनने पहिल्याच दिवशी रिकामं असताना ९५ वॅट दाखवले, आणि स्लीप तिथेही काढलेलंच होतं.