दुसरा रविवार : पालकगटात चौदा महिने

पहिले तीन महिने मी ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या पालकगटात गेलोच नाही, गटाच्या बाहेर गेलो. बायकोला आणि लेकाला अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेच्या, पायऱ्यांवर सोडायचं आणि समोरच्या फणसाखाली स्कूटरवर बसायचं. तिथं आणखी तीन-चार नवरे असायचे. खाणी पुन्हा नीट कधी सुरू होणार, कदंबची, म्हणजे आमच्या गोव्याच्या एसटीची, सकाळची गाडी कशी चुकते, सगळं बोलून व्हायचं. मुलांबद्दल अवाक्षर नाही. चौथ्या महिन्यात जून उजाडला, फणसाखाली बसणं अशक्य झालं, म्हणून आत गेलो. तेव्हा हिशेबानं हा अकरा महिन्यांचाच अनुभव.

लेक सहा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. आम्ही फोंड्याजवळ राहतो, थेरपीसाठी आठवड्यातून दोनदा पर्वरीला जातो. गट कुठल्या संस्थेचा नाही. २०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट, दिव्यांगांचा महोत्सव, झाला, तिथं एका रांगेत ओळख झालेल्या चार आयांनी तो सुरू केला. महिन्यातला दुसरा रविवार, दहा ते साडेबारा. फी नाही. चहा आणि भाजी-पाव आळीपाळीनं. डिचोलीपासून सावर्ड्यापर्यंतची अठराएक घरं, त्यांतली दहा-बारा नियमित येतात.

आधी तक्रार सांगतो, कारण ती मला सगळ्यांत उशिरा कळली. सुरुवातीला मी आमच्या लेकाच्या वयाच्या मुलांच्या आईबापांजवळ जाऊन बसायचो. वाटायचं, यांचं-आमचं सारखंच. पण घरी परतताना दर वेळी तोंड कडू. त्यांचा मुलगा चमच्यानं जेवायला लागला, मुलगी आता पाणी मागते, आणि आमचा अजून हात धरून फ्रिजपाशी नेतो. कोणी मुद्दाम टोचत नाही, पण मोजमाप सुरू होतंच. एका रविवारी तर मी लेकापेक्षा वर्षभरानं लहान असलेल्या मुलाला 'हा काय रंग?' असं विचारून आलो. परीक्षा घेतल्यासारखं. बायकोनं पाहिलं आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

मग मी जागा बदलली. डिचोलीच्या एक काकी आहेत, त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा. सावर्ड्याचे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांची मुलगी चौदाची. यांच्याजवळ बसलं की मोजायला काही उरत नाही, आणि पुढचं वळण कुठं आहे ते कळतं. गटाचा खरा उपयोग मला इथं झाला. नव्यानं जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, स्वतःपेक्षा आठ-दहा वर्षं पुढे असलेल्या माणसाजवळ बसा.

उदाहरण कागदपत्रांचं. लेकाचं ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आम्ही काढून फाइलला लावून ठेवलं होतं. मास्तरांनी विचारलं, 'निरामय काढलास?' मला तो औषधाचा काढा वाटला. ती केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत त्यात बसतो. आधी खर्च करायचा, मग मागायचा. म्हणजे पावत्या हव्यात, आणि आम्ही त्या स्कूटरच्या डिकीत टाकून पावसात भिजवल्या होत्या. आता प्रत्येक पावतीवर तारीख, शिक्का आणि सही बघितल्याशिवाय मी थेरपीच्या काउंटरवरून हलत नाही. पगारातल्या करात दिव्यांग मुलाच्या सांभाळासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते हेही तिथंच कळलं, पण ती जुनी करपद्धत निवडली तरच. आमच्या ऑफिसातल्या हिशेबनिसाला दोन्ही गोष्टी मीच समजावल्या.

काकींनी सांगितलेली गोष्ट मात्र अंगावर आली. मुलगा अठराचा झाला आणि बँकेत त्यांना सांगितलं, आता तो सज्ञान, तुमची सही चालणार नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक स्थानिक समिती असते, ती पालकत्व देते. त्यासाठी वेळेत अर्ज करायचा असतो. काकींना हे आधी कोणी बोललं नव्हतं. त्या दिवशी मी वहीत लेकाच्या अठराव्या वाढदिवसाची तारीख लिहिली. इतक्या पुढचं साल मी कधी कशासाठीच लिहिलं नव्हतं.

दुसरी मोठी गोष्ट भाषेची. आमच्याकडे घरात कोंकणी, मोठ्या मुलीच्या शाळेत मराठी, माझं वाचन मराठी, थेरपीत इंग्लिश. एका ठिकाणी आम्हाला सांगितलं होतं, एकच भाषा ठेवा, इंग्लिशच बोला, मुलाचा गोंधळ होतो. वर्षभर आम्ही लेकाशी 'कम, सिट, गिव्ह' असं बोलत होतो. माझ्या आईला इंग्लिश येत नाही. ती नातवाशी बोलायचीच थांबली. गटात विषय निघाला तेव्हा कळलं, सहा घरांत हेच झालं होतं. ऑक्टोबरात वाचाउपचार करणाऱ्या एक बाई बोलायला आल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडत नाही, आणि आईबापानं आपल्याला जी सहज येते त्याच भाषेत बोलावं. त्या रात्री आई त्याला म्हणाली, 'यो रे पुता, जेवपाक यो.' तो आला नाही. पण आईचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

चवथीचंही, म्हणजे गणेश चतुर्थीचंही, लिहायला हवं. घुमट, म्हणजे कातडं ताणलेलं मातीचं वाद्य, वाजवत आरती सुरू झाली की आमचा लेक कान दाबून खाटेखाली. आधीच्या वर्षी आरतीभर मी त्याला घेऊन बाहेर गाडीत बसलो होतो. काकी म्हणाल्या, 'घुमट आयत्या वेळार दाखयनाका रे.' मग दोन आठवडे आधी एक घुमट घरी आणून ठेवलं. पहिल्यांदा नुसतं बघितलं, मग कातड्यावर बोट फिरवलं, मग एक थाप. चवथीच्या दिवशी त्याला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या चौकटीचं, काम दिलं, सुपारीचं शिपटं, कांगलां, एकेक वस्तू हातात द्यायची. आरतीला तो कानावर हेडफोन घालून दारापाशी उभा राहिला. पाच आरत्यांपैकी दोन. फटाक्यांवर मात्र अजून काहीही चाललेलं नाही.

गटाचे दोष आणखी आहेत. व्हॉट्सॲप रात्री अकरालाही वाजतं. एका गृहस्थांनी तर दुधाऐवजी घ्यायची पावडर विकायला आणली आणि पुढच्या महिन्यात कुठल्यातरी स्टेम सेल उपचाराची पत्रकं वाटली. ऑटिझमवर तो मान्यताप्राप्त उपचार नाही, तरी दोन घरं लाखभर रुपयांची जुळवाजुळव करायला निघाली होती. मास्तरांनी आवाज चढवला म्हणून थांबली. आता नियम आहे, विक्री बाहेर फणसाखाली. बोलणं बहुतेक आयांवर पडतं. बाप म्हणून माझ्याकडे प्रश्न आला की तो पैशांचा किंवा गाडीचा असतो, आणि झोपेचा किंवा जेवणाचा असला की सगळ्यांचे डोळे बायकोकडे वळतात. आणि सत्तरी तालुक्यातून येणाऱ्यांना रविवारी बसचा भरवसा नाही, त्यामुळे ज्यांना सर्वांत गरज तेच अर्ध्या वेळा नसतात.

तरी जाणार का? जाणार. पुढल्या महिन्यात भाजी-पाव आमच्याकडे आहे.

गेल्या रविवारी एक नवा माणूस स्कूटरवर बसलेला दिसला. वर फणस पिकून गळायला आलेले, आणि हा नेमका त्यांच्याखाली. मी चहाचे दोन कप घेऊन गेलो, त्याला जरा बाजूला सरकायला लावलं. आत चला म्हणावं असं तोंडाशी आलं होतं. त्यानं कप घेतला आणि विचारलं, 'खाणी खरंच सुरू होतात म्हणे?'

अर्धा तास आम्ही खाणींवरच बोललो.