ओल्या मैदानातलं कार्ड: लगेच भरायचं की दिवाळीपर्यंत थांबायचं?

नवरात्र लागलं की आमच्या साताऱ्याच्या चौघांत दरवर्षी तोच वाद उभा राहतो. जून ते सप्टेंबर आम्ही खंबाटकी ओलांडत नाही. पाऊस ओसरला की पहाटे साडेचारला गाडी काढायची आणि पुण्याच्या बाजूला शंभर-एकशेदहा किलोमीटरवर जाऊन गोल्फ खेळायचं. मैदान तेव्हा उघडलेलं असतं, पण वाळलेलं नसतं. गवत घोट्याला लागतं. बॉल पडतो तिथेच आपला खड्डा करून बसतो आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, पट केला (बॉल हळूच ढकलला) तर पाणी उडवत अर्ध्यात थांबतो. अशा दिवसांचं कार्ड भरून स्कोअर हँडिकॅपला (खेळाडूला किती जादा फटक्यांची सूट त्याचा आकडा; फटके आणि हँडिकॅप जितके कमी तितकं चांगलं) लावायचा की दिवाळीपर्यंत नुसता सराव करायचा? मी दोन वर्षं थांबून पाहिलं, नंतर दोन वर्षं कार्ड भरून पाहिलं. ज्यांना यंदा ठरवायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी थांबण्याची बाजू, कारण ती वाटते तितकी लेचीपेची नाही. चार महिने क्लब हातात नसतो आणि कंबर वळत नाही. पहिले तीन-चार राउंड आपण मैदानाशी कमी आणि स्वतःशीच जास्त खेळतो. त्या दिवशी दोन बॉल टाकून खेळावं, एकच चिप पाच वेळा मारावी, हे शहाणपणाचंच आहे. असा राउंड हँडिकॅपला चालतच नाही, त्यामुळे तो न भरण्यात लबाडी नाही. फक्त पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) उभं राहण्याआधी ठरलेलं असावं. नियमाने खेळायचं, सोबत दुसरा खेळाडू असायचा, आणि अठराव्या होलवर आकडा पाहून ‘हा सराव होता’ म्हणायचं, हे मात्र नाही. चांगली तेवढी कार्डं भरणाऱ्यांबद्दल मी इथे बोलतच नाही.

थांबणाऱ्यांचा खरा मुद्दा वेगळाच असतो, तो म्हणजे चिखलातल्या ९७ फटक्यांनी हँडिकॅप बिघडेल. माझ्या अनुभवात ही भीती जरा फुगवलेली आहे. २०२० पासूनच्या पद्धतीत शेवटच्या २० स्कोअरपैकी उत्तम ८ धरतात. चिखलातलं कार्ड त्या आठांत बहुधा येतच नाही. हां, ते विसांत शिरताना मागचं एक बाहेर ढकलतं, आणि ते बाहेर गेलेलं जर तुमचं मे महिन्यातलं लाडकं ८४ असेल तर आकडा थोडा वर सरकतो. सरकू दे की. मे महिन्यात जमीन भाजलेल्या विटेसारखी असते, बॉल पडल्यावरही तीस-चाळीस पावलं पळतो. त्या पळण्यावर कमावलेला हँडिकॅप घेऊन मी एका नोव्हेंबरात स्पर्धेला उतरलो आणि मे महिन्यातल्या स्वतःकडूनच हरलो. वर्षभरातल्या तुमच्या सर्वात कमी इंडेक्सपासून (हँडिकॅपच्या आकड्यापासून) ३ च्या पुढची वाढ निम्म्यावर येते आणि ५ ला तर थांबतेच, त्यामुळे चार ओली कार्डं भरून कोणाला डोंगराएवढा हँडिकॅप करता येत नाही.

दुसरं असं की वाईट होलला नेट डबल बोगीची मर्यादा आहे, म्हणजे पार (त्या होलचे ठरलेले फटके) अधिक दोन, अधिक हँडिकॅपमुळे तिथे मिळणारे जादा स्ट्रोक. पार चारच्या होलवर तुम्हाला एक स्ट्रोक मिळत असेल तर हिशोबात जास्तीत जास्त ७. नाल्याकाठच्या त्या होलवर मी दहा मारले तरी कार्ड सातच बोलतं. क्लबच्या बोर्डावर ‘प्रेफर्ड लाय’ची सवलत लावली असेल तर बॉल उचलून, पुसून ठेवता येतो आणि तो स्कोअर तरीही चालतो. (याला विंटर रूल म्हणतात, आणि आपण तो घामाघूम होऊन ऑक्टोबरात वापरतो. साचलेल्या पाण्याला कॅडी तर अजून ‘कॅज्युअल वॉटर’च म्हणतात, नियमपुस्तकातून तो शब्द २०१९ लाच गेला.) तात्पुरत्या ग्रीनवर खेळत असाल तर मात्र आधी ऑफिसात विचारा.

आता ज्या एका गोष्टीने माझं पारडं फिरवलं ती.

वाईट परिस्थितीची भरपाई हिशोबात आधीच आहे. त्या दिवशीचे स्कोअर अपेक्षेपेक्षा सगळ्यांचेच वाईट आले तर १ ते ३ पर्यंत दुरुस्ती मिळते. मैदान सोपं गेलं तर उलट १ जातो. समजा कोर्स रेटिंग (तरबेज खेळाडूला तिथे लागावेत असे फटके) ७०.५, स्लोप (साध्या खेळाडूला मैदान किती जड जातं त्याचा आकडा) १२० आणि तुमचे ९७. दुरुस्ती नसेल तर डिफरन्शियल (हँडिकॅपच्या हिशोबात धरला जाणारा त्या राउंडचा आकडा) २५.०, दोनची दुरुस्ती असेल तर २३.१. पण हे गणित होण्यासाठी त्या दिवशीची, त्या मैदानावरची किमान आठ कार्डं लागतात, आणि तीही त्याच दिवशी भरलेली. मध्यरात्री हिशोब होतो. नंतर आलेल्या कार्डाला त्या दिवशीचा निकाल लागू होतो, पण निकाल ठरवण्यात त्याचा वाटा नसतो.

माझी सुट्टी बुधवारी. त्या बुधवारी सकाळी आम्ही अकरा जण मैदानावर होतो, सगळे भिजलेले, सगळ्यांचे आकडे सारखेच लाजिरवाणे. कॅन्टीनमध्ये आमच्या चौघांतल्या आप्पांनी आपलं कार्ड चहाच्या कपाखाली ठेवलं. पेन्सिलचे आकडे आधीच पसरलेले, त्यावर कपाचं गोल उमटलं. आमच्यातले बाकीचे दोघे म्हणाले, हे कसलं भरायचं. मी माझं डॅशबोर्डवर टाकलं, आनेवाडीचा टोल ओलांडून घरी आलो, जेवून झोपलो आणि गुरुवारी सकाळी भरलं. पुढच्या खेपेला काउंटरवरच्या पोराला सहज विचारलं, त्या दिवशी दुरुस्ती का नाही लागली? तो म्हणाला, “साहेब, सातच आली. आठ लागतात.”

आमच्या चौघांची चार नव्हती त्यात. आठ झाली असती तर दुरुस्ती लागलीच असती असं मी म्हणत नाही. पण मैदान वाईट होतं म्हणून कार्ड न भरणारे आम्हीच, आणि मैदान वाईट होतं याची नोंद झाली नाही म्हणून कुरकुरणारेही आम्हीच. हे मला फार लागलं.

तेव्हापासून मी पहिला राउंड, फार तर दुसरा, उघडपणे सरावाचा ठेवतो आणि तिसऱ्यापासून सगळं भरतो. दम नसेल तर नऊच होल खेळा. २०२४ पासून नऊ होलच्या कार्डाला उरलेल्या नऊंचा अपेक्षित आकडा जोडून लगेच डिफरन्शियल मिळतं, दुसऱ्या नऊंची वाट पाहावी लागत नाही. गुडघा किंवा खांदा नुकताच बरा झालेला असेल, तर दिवाळीपर्यंत थांबणं मला पटतं. बाकीच्यांनी भरावं असं माझं आपलं मत.

कार्डासाठी प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन पेन्सिली ठेवा. बॉलपेन ओल्या कागदावर उठत नाही. आणि गाडी सुरू करायच्या आधी, पार्किंगमध्येच भरून टाका. साताऱ्यात पोचल्यावर होत नाही.

आप्पा अजून थांबणाऱ्यांतलेच आहेत. पण गेल्या बुधवारी चहा आला तेव्हा त्यांचं कार्ड कपाखाली नव्हतं. फोन माझ्याकडे सरकवून म्हणाले, “तूच भर रे, मला चष्म्याशिवाय दिसत नाही.”