अभ्यासिकेतील प्रश्नोत्तरांची बाडे

नाशिकच्या कॉलेज रोडवरील ज्या अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेसाठी बसतो, तिथे विधानसभेच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या छापून, बांधून ठेवल्या आहेत आणि महिन्याचे शुल्क माझ्या मते तेवढ्यानेच वसूल होते. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतात, तर अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी मिळते, हा फरक इथे पानोपानी दिसतो. ‘हे खरे आहे काय?’ या विचारणेवर खाते ‘अंशतः खरे आहे’ म्हणते, आणि विलंबाची कारणे विचारली की ‘प्रश्न उद्भवत नाही’ (हे उत्तर आता मला पाठच झाले आहे). मात्र बाडे विभागवार लावलेली नसल्याने पाणीपुरवठ्याचा एकच प्रश्न शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली.