चाकणची मोठी कंपनी की भोसरीचं वर्कशॉप?

आयटीआय किंवा डिप्लोमा झाला की पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या पोरांपुढे हा प्रश्न येतोच. घरच्यांचं मत ठरलेलं असतं: मोठी कंपनी. लग्नाच्या बायोडेटावर तिचं नाव शोभतं, हेही खरं.

सोयींच्या बाबतीत वाद नाही. कंपनीची बस, कँटीन, सेफ्टी शूज, ठरल्या तारखेला पगार, कायद्याप्रमाणे दुप्पट दराने ओव्हरटाइम. तीन पाळ्यांत झोपेचं खोबरं होतं, पण त्याची सवय होते.

खरी गोम आहे ती तुम्ही कोणाच्या रोलवर, म्हणजे कोणाच्या हजेरीपटावर, आहात यात. एकाच लाइनवर पर्मनंट, ट्रेनी, टेंपररी आणि ठेकेदाराचा माणूस शेजारी-शेजारी उभे असतात. काम जवळपास तेच, पगारात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. तीन-चार वर्षांनी युनियनचा करार होतो, पेढे वाटले जातात, आणि ती वाढ पर्मनंटच्या खात्यात जाते. टेंपररीला सात महिन्यांनी ब्रेक. वर्षात 240 दिवस भरले की माणसाला काढताना कायद्याने नोटीस आणि भरपाई द्यावी लागते, म्हणून आठवा महिना पुरा होऊच द्यायचा नाही. मग पुढची कंपनी, पुन्हा सात महिने. असं करत तिशी गाठलेले लोक चाकणच्या कुठल्याही चौकात भेटतील.

आणि शिकायला काय मिळतं? असेंब्ली लाइनवर गाडी समोर येते, नटरनर उचलायचा, चार बोल्ट आवळायचे, बोल्ट पुरेसा आवळल्याचा (टॉर्कचा) हिरवा दिवा लागला की पुढची गाडी. हाताशी मिनिट-दीड मिनिट. लघवीला जायचं तरी जागेवर उभा राहायला रिलीव्हर यावा लागतो. शिस्त अंगात मुरते, पण चार बोल्टांचा अनुभव दुसरीकडे कोण विचारतो?

भोसरीत उलटं. पंचवीस-तीस माणसं, पाच-सहा सीएनसी आणि व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारी मशीन. शाफ्टचा व्यास 20 मायक्रॉन (0.02 मिमी) जास्त आला तर मायक्रोमीटरने पुन्हा तपासायचं, वेअर ऑफसेटमध्ये (हत्याराच्या झिजेची दुरुस्ती मशीनमध्ये भरतात तिथे) तेवढं वजा करायचं, इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, झिजलाय का बघायचं. मशीन कामासाठी जुळवून देणारा सेटर सुट्टीवर गेला की सेटिंग तुमच्या गळ्यात. दोन-तीन वर्षांत ऑपरेटरचा सेटर होतो, डोकं चाललं तर प्रोग्रॅमरही, आणि या हाताला कुठेही मागणी आहे.

त्याची किंमतही आहे. काम देणाऱ्या मोठ्या कंपनीकडून शेठचे पैसे अडकले की तुमचा पगार लांबतो. ओव्हरटाइम बहुतेक ठिकाणी सिंगलच. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो, म्हणून कागदावर एकोणीसच दाखवणारे महाभाग आहेत. मशीनचं दार उघडं ठेवून इंटरलॉक (दार उघडलं की मशीन थांबवणारी सोय) बायपास केलेला दिसला, तर दुसऱ्या दिवशी जाऊ नका. बोटं परत येत नाहीत.

माझं मत विचाराल तर अप्रेंटिसशिप मोठ्या कंपनीतच करा. शिस्त आणि सर्टिफिकेट दोन्ही मिळतं. पर्मनंटची जागा, तीही मेंटेनन्स किंवा टूलरूममध्ये (जिथे हत्यारं आणि साचे बनतात), मिळाली तर डोळे झाकून घ्या. ती नाहीच मिळाली आणि ठेकेदार ‘पुढे बघू’ म्हणत लाइनवर बोलवत असेल, तर भोसरी गाठा. मुलाखतीत तिथे तीनच गोष्टी विचारा: पीएफ पहिल्या महिन्यापासून कापणार का, पगार किती तारखेला, आणि सेटिंगला हात कधी लावू देणार. तिसऱ्या प्रश्नावर शेठ हसून टाळायला लागला, तर शेजारच्या गाळ्यात चौकशी करा.