बिलावर व्हेरिफोकल, भिंतीवर ३.६ एमएम

आमच्या सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा बिलाप्रमाणे '२.८ ते १२ एमएम व्हेरिफोकल' होता, म्हणजे ज्याची लेन्स जागेवर उभं राहून हवी तेवढी जवळ ओढता येते असा. भिंतीवर जो बसवला होता त्याची लेन्स ३.६ एमएम फिक्स निघाली. हे उघडकीला आलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची स्कूटर रात्री पार्किंगमधून गेली तेव्हा. फुटेजमध्ये चोर दिसतो. स्कूटर ढकलत गेटबाहेर नेतो, मध्येच थांबून मागे वळून बघतो, सगळं दिसतं. तो कोण, तेवढंच दिसत नाही. चौकीतल्या हवालदारांनी पेनड्राइव्ह लावून दोनदा बघितलं आणि म्हणाले, "चेहरा नाही, नंबर नाही, ह्याचं मी काय करू?"

आम्ही डोंबिवलीतले. सोसायटी मध्यम आकाराची, खर्चाला हात आखडून चालणारी. रीतसर तीन कोटेशनं मागवली होती. मी खजिनदार, आणि उमेदीच्या काळात लग्नांचे फोटो काढायचो, त्यामुळे लेन्सचा विषय निघाल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. लिफ्टमध्ये आणि जिन्यात २.८ एमएम, गेटवर मात्र व्हेरिफोकल, हे मी कोटेशनमध्ये लिहून घेतलं. सीसीटीव्हीवाल्याने "काही प्रॉब्लेम नाही साहेब" म्हणत लिहून दिलं आणि पैसेही व्हेरिफोकलचेच लावले. व्हेरिफोकल साध्या फिक्स लेन्सच्या कॅमेऱ्यापेक्षा सहज दुप्पट-तिप्पट किमतीला पडतो. बिलात ती रक्कम आहे. माल नाही.

फिटिंगच्या वेळी मी मुलीकडे बंगळुरूला होतो. कमिटीला त्याने डेमो कसा दिला हे नंतर व्हॉट्सअॅपवरच्या व्हिडिओत बघितलं, आणि माणूस आपल्या कामात तरबेज आहे हे मान्य करावं लागलं. वॉचमनला त्याने कॅमेऱ्याच्या खाली, जेमतेम दोन मीटरवर उभं केलं. मोबाइलवर दोन बोटांनी चित्र ताणलं. "बघा, मिशीचे केस मोजून घ्या!" सगळे खूश. मग म्हणाला, पूर्ण आवार येतं, रस्ता येतो, समोरचा रिक्षा स्टँडसुद्धा येतो, एका कॅमेऱ्यात तीन कॅमेऱ्यांचं काम. सगळे आणखी खूश. नंबर प्लेटचं कुणीतरी विचारलं, तर दुसऱ्याच कुठल्या तरी साइटवरचं फुटेज दाखवलं. त्यात प्लेट लख्ख वाचता येत होती.

खरं तर रिक्षा स्टँड दिसतोय, हीच त्याची लबाडी पकडण्याची खूण होती.

कॅमेऱ्याची लेन्स जितकी लहान एमएमची, तितका तिचा आवाका रुंद आणि तितकी प्रत्येक वस्तू बारीक. साधा हिशोब असा: अंतराला सेन्सरच्या रुंदीने गुणायचं आणि लेन्सच्या एमएमने भागायचं, की त्या अंतरावर किती रुंद पट्टा चित्रात येईल ते निघतं. टू मेगापिक्सेलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सर नखाएवढा, साधारण ५.५ एमएम रुंद असतो. आमच्या भिंतीपासून गेट १२ मीटर. व्हेरिफोकल १२ एमएमला ओढला असता तर तिथे साडेपाच मीटर रुंदी दिसायला हवी होती, म्हणजे गेट आणि थोडासा फुटपाथ. स्क्रीनशॉट समोर ठेवून आम्ही खाली टेप धरला, तर चित्रात गेटच्या रेषेवर अठरा मीटरच्या आसपास येत होतं. हिशोब उलटा लावला की उत्तर ३.६ च्या जवळ येतं. रुंद लेन्समध्ये कडा वाकतात, म्हणून आकडा तंतोतंत जुळत नाही, पण १२ आणि ३.६ मधला फरक कळायला तंतोतंत कशाला हवा?

मग पहिल्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियन पोराला शिडीवर चढवलं. बॉडी मोठी, जाडजूड, अगदी व्हेरिफोकलसारखी. खरा हाताने फिरवायचा व्हेरिफोकल असेल तर खालच्या अंगाला रबरी बुचांखाली दोन स्क्रू असतात, एक झूमचा आणि एक फोकसचा. आमच्याला बुचं होती. पोराने नखाने एक उचकटलं, तर आत नुसता प्लास्टिकचा आंधळा खळगा. दुसऱ्यातही तेच. मागचं लेबल खरवडल्यासारखं झालेलं होतं, पण लेन्सच्या कडेला बारीक अक्षरात '३.६' होतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढला, बिलाशेजारी ठेवून आणखी एक काढला. पुढे कामाला आले ते हेच दोन फोटो.

आता ह्याने नुकसान किती झालं ते बघा. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायचा तर एका मीटरला २५० पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस ओळखायचा तर १२५. आयईसी ६२६७६-४ या सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकातून आलेलं हे माप या धंद्यात वर्षानुवर्षं वापरलं जातं. टू मेगापिक्सेलचं चित्र आडवं १९२० पिक्सेल. ते साडेपाच मीटरवर पसरलं तर मीटरला साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे भरपूर. अठरा मीटरवर पसरलं तर जेमतेम १०५. स्कूटर नेणारा आमचा वॉचमन असता तरी ओळखू आला नसता.

त्यातही १०५ सुद्धा हाती लागले नाहीत, कारण दुसरी गोम डीव्हीआरमध्ये, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या डब्यात होती. कोटेशनमध्ये '१०८०पी' लिहिलेलं, आणि सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगसमोर '१०८०एन'. हा एन म्हणजे ९६० बाय १०८०. आडवे पिक्सेल निम्मे करून साठवायचे आणि दाखवताना ताणून पूर्ण करायचे. स्वस्तातले 'लाइट' म्हणून विकले जाणारे डीव्हीआर असे असतात. तसं सांगून विकले तर त्यात गैर काही नाही, काही ठिकाणी पुरतातही. पण बिलात पूर्ण आणि डब्यात अर्धं? मीटरला १०५ चे झाले ५२. माणसाचा चेहरा सोळा-सतरा सेंटिमीटर रुंद धरला तर चोराच्या अख्ख्या तोंडाच्या वाट्याला आडवे आठ-नऊ ठिपके आले. त्यावर कितीही झूम करा, ठिपके मोठे होतील, नाक येणार नाही. मोबाइलवर चिमटीने ताणणं म्हणजे झूम नव्हे, हे मी कमिटीला आता तोंडपाठ करायला लावलंय.

सीसीटीव्हीवाल्याला बोलावलं तेव्हाची उत्तरं ऐकण्यासारखी होती. आधी, "लेन्स सगळ्या सारख्याच असतात साहेब." फोटो दाखवल्यावर, "व्हेरिफोकलचा शॉर्टेज होता, तुमचं काम अडू नये म्हणून हा लावला." मग किंमत तीच का लावली, तर, "३.६ मध्ये एरिया जास्त येतो, तुमचाच फायदा केला." शेवटी आमच्याच चेअरमनना म्हणाला, काका, एवढं कोण बघतं? ह्या शेवटच्या वाक्यात त्याचा सगळा धंदा आला. दुकानात २.८ आणि ३.६ चे कॅमेरे खोक्याने पडलेले असतात, जे हाताला लागेल ते भिंतीवर चढतं, आणि गिऱ्हाईक विचारतं ते फक्त मेगापिक्सेल.

नंबर प्लेटबद्दलही दोन शब्द, कारण त्याच गाजरावर सगळे भुलतात. नव्या एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटा प्रकाश परत फेकतात. रात्री कॅमेऱ्याचा स्वतःचा इन्फ्रारेड त्यांच्यावर पडला की प्लेट नुसती पांढरी पेटते, आणि गाडी चालती असेल तर मंद शटरमुळे आकडे पुसट होतात. त्यासाठी वेगळा, अरुंद कोनाचा, शटर आवळलेला कॅमेरा लागतो. आवार बघणाऱ्या कॅमेऱ्यावरच प्लेटही वाचून देतो म्हणणारा माणूस खोटं बोलतोय असं धरून चाला. उलट लिफ्टमध्ये कुणी ६ किंवा ८ एमएम गळ्यात मारत असेल तर तेही घेऊ नका, अर्धा खांदा दिसेल.

आम्ही सीसीटीव्हीवाल्याची शेवटची बाकी रोखली, बिल, कोटेशन आणि फोटो जोडून सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र दिलं, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. त्यानंतर गेटचा कॅमेरा मुकाट्याने बदलून मिळाला. ह्या वेळी स्क्रू मी स्वतः फिरवून बघितले, आणि रात्री अकराला गेटशी उभं राहून डीव्हीआरमधलं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर उतरवून घरच्या टीव्हीवर लावलं. माझा चष्मा आणि चष्म्यामागचा वैताग दोन्ही स्पष्ट आले. डीव्हीआर मात्र अजून तोच आहे. "फर्मवेअर अपडेट मारतो, फुल एचडी होईल" असं तो सांगतोय. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात जायचे कागद काढतोय. काकांच्या स्कूटरचा पत्ता नाही.

परवा शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्यांचं कोटेशन दाखवायला आले. 'बुलेट कॅमेरा, डोम कॅमेरा, डीव्हीआर, वायरिंगसह', नग आणि रक्कम. एकाही ओळीत एमएम नाही, रेकॉर्डिंग किती पिक्सेलचं ते नाही. मी पेन्सिलने प्रत्येक कॅमेऱ्यापुढे 'किती एमएम? अंतर किती?' आणि डीव्हीआरपुढे 'पी की एन?' असं लिहून कागद परत दिला, आणि म्हटलं, हे भरून सही-शिक्क्यासह आणायला सांगा, मग ॲडव्हान्सचं बघू.