कॉमन ॲप: बारावीत ग्रेड घसरल्या तर ही सेवा कुठपर्यंत साथ देते

अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरायचे म्हटलं की कॉमन ॲपला पर्याय जवळपास नाहीच. एक खातं, एक मुख्य निबंध, हजाराहून जास्त कॉलेजं. दरवर्षी १ ऑगस्टला नवा अर्ज खुला होतो. खातं फुकट, फी ज्या त्या कॉलेजची, आणि परिस्थिती बेताची असेल तर फीमाफीची सोयही अर्जातच आहे. ही सगळी बाजू उत्तम चालते. इथे मात्र एकच गोष्ट तपासली आहे: बारावीत ग्रेड घसरल्या, तर ते कॉलेजला कसं कळतं आणि मुलाला आपली बाजू मांडायला जागा मिळते का.

ग्रेड कळवण्याचं काम मुलाकडे नसतं, शाळेच्या काउन्सेलरकडे असतं. त्याच्या खात्यात त्यासाठी चार फॉर्म येतात. स्कूल रिपोर्ट अर्जासोबत जातो आणि त्यातला ट्रान्स्क्रिप्ट (विषयवार ग्रेडचा अधिकृत उतारा) बहुधा अकरावीअखेरपर्यंतचा असतो. मधल्या काळात नव्या ग्रेड आल्या तर ऑप्शनल रिपोर्ट. बारावीचं पहिलं सेमिस्टर संपलं की, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, मिड इयर रिपोर्ट. आणि शाळा संपल्यावर फायनल रिपोर्ट. मुलाला आपल्या खात्यात 'रेकमेंडर्स अँड फर्पा' (फर्पा म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलचा अमेरिकी कायदा) या पानावर फॉर्म गेला की नाही एवढंच दिसतं, आत काय लिहिलंय ते दिसत नाही. घसरलेल्या ग्रेडची खरी कथा या मिड इयर रिपोर्टमध्ये असते आणि घरोघरी सगळ्यात कमी माहिती असते ती याच फॉर्मची. कोणतं कॉलेज तो मागतं, हे कॉमन ॲपच्या रिक्वायरमेंट्स ग्रिडमध्ये एका तक्त्यात दिलेलं आहे. तो तक्ता ऑक्टोबरातच उघडून बघावा.

आता घसरण म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांत बघू. नववी ते अकरावीच्या सहा सेमिस्टरचा जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.९ आहे आणि सातव्यात, म्हणजे बारावीच्या पहिल्यात, ३.३ आला, तर एकूण जीपीए होतो ३.८१. हा आकडा बघून घरचे निर्धास्त होतात, आणि चूक होते ती इथेच. अर्ज वाचणारा एकूण आकड्यावर थांबत नाही, तो ट्रान्स्क्रिप्टमधल्या ओळी वाचतो. इंजिनिअरिंगला अर्ज केलेल्या मुलाच्या प्रीकॅल्क्युलसला अकरावीत 'ए' आणि एपी (शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय) कॅल्क्युलसला बारावीत 'सी' असेल, तर ती एक ओळ ३.८१ ला भारी पडते. उलट तोच मुलगा अवघड विषय घेऊन एखाद्या दुसऱ्या विषयात 'ए' वरून 'बी' वर आला, तर बहुतेक ठिकाणी कोणी थबकणारही नाही. एका विषयातली एक पायरी सोसते. दोन-तीन विषयांत एकदम घसरण किंवा एखादा 'डी' सोसत नाही.

फटका कधी बसतो, हे अर्जाच्या प्रकारावर आहे. १ किंवा १५ नोव्हेंबरला अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीचा, अर्ज केला असेल तर निर्णय बहुधा डिसेंबरात लागतो, मिड इयर रिपोर्ट नंतर पोचतो. पण काही कॉलेजं पहिल्या तिमाहीच्या ग्रेड मागवतात, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबर हलक्यात घेऊन चालत नाही. रेग्युलर अर्जात हा रिपोर्ट थेट निर्णयाच्या टेबलावर असतो. सगळ्यात नाजूक जागा डिफर झालेल्यांची, म्हणजे अर्ली फेरीत निर्णय न देता ज्यांचा अर्ज रेग्युलर फेरीत ढकलला त्यांची. त्यांच्या फाइलमध्ये नवीन असं जे काही पडतं, त्यात सातव्या सेमिस्टरच्या ग्रेडचं वजन सर्वात जास्त.

आणि नेमकी इथेच ही सेवा कमी पडते. कारण सांगायला अर्जात दोन जागा आहेत. २०२५-२६ च्या अर्जापासून 'अॅडिशनल इन्फर्मेशन'ला ३०० शब्द मिळतात (आधी ६५० मिळायचे) आणि अडचणींबद्दलच्या वेगळ्या प्रश्नाला २५०. पण दोन्ही सबमिट करण्याआधीच्या. एकदा का एखाद्या कॉलेजला अर्ज गेला, की तिथला मजकूर बदलता येत नाही. म्हणजे नोव्हेंबरात अर्ज केला आणि डिसेंबरात ग्रेड पडल्या, तर काउन्सेलरचा रिपोर्ट जाईल आणि त्याच्या शेजारी मुलाचा एक शब्दही नसेल. मिड इयर रिपोर्टसोबत मुलासाठी एक छोटा रकाना द्यायला काय हरकत आहे, हे खरंच समजत नाही. एमआयटीचा स्वतःचा अर्ज आहे आणि तिथे मुलं फेब्रुवारीत एका फॉर्ममध्ये ग्रेड आणि नवी माहिती स्वतः कळवतात. ही रीत कितीतरी न्याय्य आहे.

तोवर करायचं काय, तर कॉलेजच्या स्वतःच्या पोर्टलवर अपडेट टाकायचं, आणि तशी सोय नसेल तर आपल्या भागाच्या ॲडमिशन ऑफिसरला मेल. मजकूर एवढाच पुरतो: 'ऑक्टोबरात आजारपणामुळे १४ दिवस शाळा बुडली आणि कॅल्क्युलसच्या दोन चाचण्या हुकल्या. डिसेंबरपासून आठवड्यातून दोनदा शिक्षकांकडे जातो आहे. जानेवारीच्या चाचणीत ८८ टक्के मिळाले.' काय झालं, काय केलं, आता कुठे आहे. शिक्षक कडक होते, वर्ग अवघड होता असलं काही लिहू नये. त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाचा ट्रान्स्क्रिप्टही त्याच टेबलावर असू शकतो. आणि हा मेल रिपोर्ट पोचायच्या आधी जावा. हिवाळ्याच्या सुट्टीआधीच काउन्सेलरला गाठून रिपोर्ट कधी पाठवणार ते विचारावं, त्यानेही दोन ओळी लिहिल्या तर फारच बरं.

विषय सोडण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. 'सी' टाळायला जानेवारीत एपी फिजिक्स सोडून द्यायचं, हा सल्ला सर्रास दिला जातो. पण अर्जात चालू वर्षाचे विषय तुम्हीच लिहिलेले असतात. न कळवता सोडलेला विषय कमी ग्रेडपेक्षा वाईट दिसतो, कारण आता प्रश्न अभ्यासाचा राहत नाही, सचोटीचा होतो. आधी कॉलेजला विचारा, मग सोडा.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया कॉमन ॲपवर नाही, आणि तिचा हिशोबही निराळा आहे. तिचा जीपीए दहावी-अकरावीच्या विषयांवर काढला जातो आणि ग्रेड मुलं स्वतः भरतात. म्हणून बारावीला काही किंमत नाही असा समज पसरतो. पण तिथला प्रवेश तात्पुरता असतो. बर्कलीसारख्या कॅम्पसच्या अटींत बारावीचा अनवेटेड (अवघड विषयांचे जादा गुण न धरलेला) जीपीए ३.० आणि प्रत्येक विषयात किमान 'सी' मागतात. 'डी' आला किंवा विषय बदलला तर ते कळवणं तुमची जबाबदारी.

कॉमन ॲपच्या कॉलेजांत ही राखण फायनल रिपोर्ट करतो. १ मेपर्यंत एका कॉलेजला होकार देऊन बाकीच्यांना नाही म्हटलेलं असतं, आणि उन्हाळ्यात कारण विचारणारं पत्र येतं. काही वेळा पहिलं सेमिस्टर प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली, काढावं लागतं, काही वेळा प्रवेशच रद्द होतो, आणि तेव्हा परत जायला दुसरं कॉलेज हाताशी राहिलेलं नसतं. असं पत्र आलं तर दिलेल्या मुदतीत उत्तर मुलानेच लिहावं, पालकांनी नाही. सोबत काउन्सेलरचं पत्र जोडावं, आणि पडलेला विषय उन्हाळ्यात पुन्हा करता येत असेल तर नाव नोंदवल्याचा कागदही.