१२ × १२ म्हणजे नेमकं किती? ग्रो बॅगचा अकरा महिन्यांचा अनुभव

परवा गच्चीवर मोठी ग्रो बॅग सरकवायला गेले आणि तिचा बंद हातात आला. पिशवी शिवणीपाशी वीतभर उसवली. आत वांग्याचं झाड, तेही ऐन फळांवर. सुतळी-दाभण घेऊन कशीबशी शिवली. तेव्हापासून लिहायचं घोळत होतं. पण माझी खरी तक्रार बंदाबद्दल नाही, मापाबद्दल आहे.

गेल्या ऑक्टोबरमध्ये टोमॅटोची बारा रोपं आणली. हिरव्या, गोल तळाच्या, शिवलेल्या १२ × १२ च्या सहा पिशव्या आधी घेतल्या होत्या. आणखी सहा हव्या होत्या. दुसऱ्या एका विक्रेत्याकडे तेच माप जवळजवळ निम्म्या किमतीत दिसलं. फोटोत गोल पिशवी, खाली १२ × १२ इंच. मी लगेच मागवल्या. आल्या त्या नर्सरीत रोपं मिळतात तशा काळ्या, चपट्या. माप तेच आहे, मग चालतील, असं म्हणून भरल्या. माती, शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मूठभर निंबोळी पेंड, सगळं दोन्हीकडे सारखंच.

डिसेंबरपर्यंत फरक कळला नाही. जानेवारीत काळ्या पिशव्यांमधली रोपं दुपारी माना टाकू लागली. संध्याकाळी पाणी घातलं की उभी राहायची. फेब्रुवारीत त्यांच्या टोमॅटोंची बुडं काळी पडली, चामड्यासारखी. सासूबाई म्हणाल्या, "अंड्याची टरफलं घाल." घातली. काही उपयोग झाला नाही. मातीत कॅल्शियम असून चालत नाही, ते पाण्याबरोबर फळापर्यंत पोचावं लागतं, आणि माती दिवसातून दोनदा कोरडी पडत असेल तर ते पोचत नाही. त्याच दिवशी लावलेल्या हिरव्या पिशव्यांमधल्या सहा रोपांवर एकही फळ असं खराब झालं नाही.

हंगाम संपल्यावर दोन्ही पिशव्या रिकाम्या केल्या. काळीत मुळांचा घट्ट गोळा झाला होता, पिशवीचा आकार जसाच्या तसा. मग ऑइल पेंटचा ५ लिटरचा रिकामा डबा घेतला आणि वरून दोन इंच सोडून दोन्ही पिशव्या भरून पाहिल्या. हिरवीत पावणेचार डबे माती बसली. काळीत दीड डबासुद्धा गेला नाही.

कारण साधं आहे. गोल शिवलेल्या पिशवीचे १२ इंच म्हणजे व्यास. चपट्या पिशवीचे १२ इंच म्हणजे जमिनीवर आडवी पसरल्यावरची रुंदी. ती भरून फुगली की घेर २४ इंच, म्हणजे व्यास जेमतेम साडेसात. शिवाय तळ तयार होताना उंचीतले तीनेक इंच जातात. कागदावर माप तेच, माती एक तृतीयांश!

विक्रेत्याला फोन केला. पलीकडची मुलगी नम्र होती, पण एकच वाक्य धरून बसली: "मॅडम, पट्टी लावून बघा, १२ इंचच भरेल." भरतं, मान्य. पण झाड इंचांत वाढत नाही, मातीत वाढतं. लिटर लिहायला काय हरकत आहे? पैसे परत मिळाले नाहीत. रक्कम किरकोळ होती, पण चार महिने दोन वेळ झारी घेऊन मी जिने चढले त्याचं काय?

त्या रागात एप्रिलमध्ये १५ × १५ च्या आठ गोल पिशव्या आणल्या. एकेकीत ३५ लिटरच्या वर माती जाते. मेच्या उन्हात दिवसाआड पाणी पुरलं, वांगी छान धरली. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी सगळ्यांना हीच घ्या म्हटलं असतं.

पावसाळ्यात मत बदललं. जूनमध्ये चार पिशव्यांत मिरचीची बोटभर रोपं लावली. एवढीशी मुळं आणि एवढी माती! पाऊस लागला तसं पाणी ओढून घ्यायला कोणी नाही, माती आठ-आठ दिवस ओलीगच्च. पानं पिवळी पडली, बुंधे सडले, चारातली तीन गेली. आणि त्याच लॉटमधली उरलेली रोपं मी टाकवत नाहीत म्हणून त्या काळ्या पिशव्यांत खोचली होती. ती सगळी टिकली. ऑगस्टमध्ये ती १२ च्या गोल पिशव्यांत हलवली. आज त्यांना फुलं आहेत, आणि मला त्यांच्याकडे बघून फार बरं वाटतं.

वजनाचं आधी कोणी सांगितलं नव्हतं. भिजलेली १५ ची पिशवी आम्हा दोघांना उचलत नाही. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात, चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरतात. मी आठही पिशव्या एका कोपऱ्यात खेटून ठेवल्या होत्या. आता तुळईच्या रेषेवर, अंतर सोडून, विटांवर ठेवल्यात. मातीही कमी केली. ५ किलोची कोकोपीटची वीट फुगून साधारण ७० लिटर होते, ते मिश्रणात वाढवलं.

सध्या टोमॅटो-वांग्याला १५ ची, मिरचीला १२ ची गोल, आणि रोपं वाढवायला काळी. मेथी-कोथिंबिरीला खोली लागतच नाही, सहा इंच पुरतात. त्यांच्यासाठी १८ × ९ ची पसरट बघतेय, आणि या वेळी विक्रेत्याला आधी लिहून विचारलंय: यात १८ हा व्यास की सपाट रुंदी, आणि लिटर किती? दोन दिवस झाले, उत्तर नाही. ते आल्याशिवाय पैसे भरणार नाही. उसवलेल्या पिशवीखाली तोवर जुनी फळी सरकवून ठेवली आहे. वांगी उतरली की तिची माती बदलेन.